युरिएजच्या नोंदी: सोयाबीन, इंदूर

७ ऑक्टोबर

प्रकल्पासाठी विकर (एन्झाइम) ठरलं: सोयाबीनच्या दाण्यातलं युरिएज.

मुलांपुढे बहुतेक वेळा लाळेतलं अमायलेज नाहीतर बटाट्यातलं कॅटालेज ठेवलं जातं. लाळ प्रत्येकाची निराळी, आणि आयोडीनचा निळा रंग नेमका कधी गेला यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. कॅटालेजचा फेस छान दिसतो, पण हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त झालं की ते त्या विकरालाच निकामी करत जातं. पाहायला उत्तम, आकडे घ्यायला वाईट. युरिएजचं तसं नाही. शिवाय आत्ता छावणीच्या मंडीत नव्या सोयाबीनचे ढीग आहेत. अर्धा किलो घेतलं तर वर्षभर पुरेल.

काम एका वाक्यात: युरियाचा एक रेणू पाण्याने फोडून अमोनियाचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू करणं. अमोनियामुळे पीएच चढतो आणि नळीत घातलेलं फिनॉल रेड पिवळ्याचं लाल होतं. विकर नसेल तर युरियाचं स्वच्छ द्रावण खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं जवळजवळ तसंच राहतं.

प्रकल्पाचा प्रश्न: पाठ्यपुस्तकात विकराला ‘इष्टतम तापमान’ म्हणून एक आकडा लावलेला असतो. तो आकडा विकराचा आहे की आपल्या घड्याळाचा?

८ ऑक्टोबर: पूड आणि अर्क

नवं सोयाबीन ओलसर आहे, मिक्सरमध्ये चिकटतं. दाणे पंख्याखाली दोन दिवस पसरून ठेवावेत. उन्हात तापवू नये, भाजू तर अजिबात नये. घाई होती म्हणून जुन्या मालातले १०० ग्रॅम घेतले.

मिक्सर सलग चालवला की भांडं गरम होतं, तेल सुटतं आणि पुडीऐवजी लगदा होतो. दहा सेकंद चालवा, अर्धा मिनिट थांबा, असं आठ-दहा वेळा. मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. पूड घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये.

अर्क: ५ ग्रॅम पूड, १०० मि.लि. थंड डिस्टिल्ड पाणी, २० मिनिटं हळू ढवळणं. जोरात ढवळल्यास फेस येतो; फेसात प्रथिनं उलगडून वाया जातात. दुहेरी मलमलीतून गाळा, पिळू नका. तासभर फ्रीजमध्ये ठेवून वरचं पांढुरकं पाणी पिपेटने काढा. तळाचा गाळ नको आणि वरची सायही नको.

शुद्ध विकराच्या मागे लागायचं नाही असं ठरलं. जेम्स समनर यांनी १९२६ साली युरिएजचे स्फटिक मिळवले ते जॅक बीन या घेवड्यासारख्या शेंगेच्या बियांपासून: पुडीत सुमारे ३२ टक्के अ‍ॅसिटोन, गाळणं, रात्रभर थंडीत ठेवणं, आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक. कुठलंही विकर पहिल्यांदाच स्फटिकरूपात मिळालं होतं आणि ते प्रथिन निघालं. विकरं प्रथिनं असतात हे तेव्हा पुष्कळ मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. १९४६ चं नोबेल त्यांना नॉर्थ्रप आणि स्टॅन्ली यांच्यासह मिळालं. सोयाबीनमध्ये युरिएज जॅक बीनपेक्षा पुष्कळ कमी असतं. आपल्या कामाला मात्र कच्चा अर्क पुरतो.

९ ऑक्टोबर

सकाळी लावलेल्या बाराही नळ्या फुकट. अर्क न घातलेली नळीसुद्धा गुलाबी.

कारण पाणी. डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून युरियाचं द्रावण बोअरिंगच्या पाण्यात केलं गेलं होतं. त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. उकळलं किंवा उघडं ठेवलं की कार्बन डायऑक्साइड उडून पीएच आणखी चढतो. नळाला येणारं नर्मदेचं पाणी त्या मानाने सौम्य, पण तेही चालत नाही. बॅटरीच्या दुकानातलं पाणी तपासलं: फिनॉल रेड पिवळं राहिलं, तांत्रिक अडचण नाही. पाच लिटरचा कॅन आणला.

दुपारी पुन्हा दोन नळ्या आपोआप गुलाबी झाल्या. या खेपेला दोष भांडी घासायच्या पावडरीचा: सोड्याचा अंश काचेला राहतो. घासलेल्या नळ्या आता एकदा पातळ व्हिनेगरने आणि मग तीनदा डिस्टिल्ड पाण्याने खळबळायच्या. शेवटच्या पाण्यात फिनॉल रेडचा एक थेंब टाकून पिवळा दिसला तरच नळी वापरात.

१० ऑक्टोबर: द्रावणं

बफर, म्हणजे पीएच सहज ढळू न देणारं द्रावण. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३.४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ३.५५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. दोन्हींचे मोल सारखे येतात. पीएच मीटर लावायला जे ६.८६ चं प्रमाण द्रावण येतं, ते हेच. पाचपट पातळ झाल्यावर पीएच ७ च्या आसपास जातो.

युरिया: ३० ग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे अर्धा मोलर. प्रयोगशाळेचा घ्यावा. खताच्या गोणीतला करून पाहिला. देशात बनणाऱ्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे, त्यामुळे द्रावणावर पिवळट तवंग आला आणि रंग ओळखणं अवघड झालं. द्रावण दर दोन दिवसांनी ताजं. शिळ्या द्रावणात जिवाणू वाढतात आणि त्यांचं स्वतःचं युरिएज असतं!

फिनॉल रेड: ०.०४ टक्के. ६.८ च्या खाली पिवळं, ८.२ च्या वर लाल-गुलाबी, मध्ये नारिंगीच्या छटा.

नेहमीची नळी, एकूण १० मि.लि.:
बफर २, युरिया २, पाणी ५, फिनॉल रेड ४ थेंब, आणि सगळ्यात शेवटी अर्क १ मि.लि. अर्क पडला की घड्याळ सुरू. बूच लावून दोनदा उलटी करायची, हलवायची नाही.

तुलनेची नळी: तेच सगळं, पण अर्क दहा मिनिटं उकळून थंड केलेला. पीएच मीटरवर पाहत पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून ७.८ ला आणायची. नुसत्या पाण्यातल्या रंगाशी तुलना केली तर फसगत होते, कारण अर्काच्या दुधट पाण्यात तोच नारिंगी रंग फिका दिसतो. ही नळी रोज नवी करावी लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती परत पिवळी पडत जाते.

मोजायचं काय: रंग तुलनेच्या नळीशी जुळायला लागलेला वेळ. हिशोबाने तोवर दर लिटरमागे साधारण ४ मिलिमोल युरिया फुटलेला असतो. नळीत एकंदर १०० मिलिमोलर युरिया आहे, म्हणजे फक्त चार टक्के संपला. हे मुद्दाम असं ठेवलं आहे. सुरुवातीचा वेग मोजला तरच तो विकराचा वेग. नंतर कच्चा माल घटतो, अमोनिया साचतो, पीएच सरकतो, आणि मोजलेला वेग कशाचा हे सांगता येत नाही.

१३ ऑक्टोबर

खोली २८°. नेहमीच्या पाच नळ्या: ४ मि. ०५ से., ४.१०, ४.१५, ४.१०, ४.१२. सरासरी ४ मिनिटं १० सेकंद. चांगलं जुळतंय.

उकळलेला अर्क: तासाभरात बदल नाही. अर्काशिवाय युरिया: बदल नाही. युरियाशिवाय अर्क: बदल नाही. तिन्ही ब्लँक दर दिवशी लावायचे, एकदा लागले म्हणून सोडायचे नाहीत.

अर्क अर्धा (०.५ मि.लि. अर्क, ०.५ पाणी): ८ मि. २५ से. विकर निम्मं, वेळ दुप्पट. हे सरळ प्रमाण दिसलं तरच पद्धतीवर भरवसा ठेवायचा. ज्या दिवशी ते दिसणार नाही, त्या दिवसाची पुढची वाचनं वहीत चढवायची नाहीत.

१५ ऑक्टोबर: युरिया कमी केला तर

अर्क तोच, नळीतलं युरियाचं प्रमाण बदललं.

१०० मिलिमोलर: ४ मि. १० से.
२० मिलिमोलर: ४ मि. ४५ से.
१० मिलिमोलर: ५ मि. ३५ से.
५ मिलिमोलर: ८ मि. ५५ से.
२ मिलिमोलर: दोन तासांनीही जुळला नाही.

शंभरावरून वीसवर आलो, कच्चा माल पाचपट घटला, तरी वेळ जेमतेम अर्ध्या मिनिटाने वाढली. विकराचे सगळे रेणू आधीच गुंतलेले होते. लग्नाच्या पंगतीत वाढपी आठच असतील, तर भात वाढून झालेल्या पातेल्यांच्या मागे आणखी दहा पातेली भरून ठेवल्याने वाढणं भरभर होत नाही. १० च्या खाली मात्र रिकामे वाढपी दिसू लागतात.

शेवटच्या ओळीवरून घसरायला होतं. २ मिलिमोलरला ‘विकर मंद झालं’ असं वहीत लिहिलं गेलं होतं, खोडलं. रंग जुळायला ४ मिलिमोल फुटायला हवा आणि नळीत आहेच २. सगळा युरिया फुटून संपला तरी बफर त्याला पुरून उरतो. असं कमी प्रमाण पाहायचं तर बफर दहापट पातळ करावा लागेल, पण मग अर्कातली प्रथिनंच बफरचं काम करू लागतात. या पद्धतीची मर्यादा ५ मिलिमोलर, असं धरून पुढे.

१७ ऑक्टोबर

फ्रीजमधला अर्क दुसऱ्या दिवशी ४ मि. ३० से., चौथ्या दिवशी ६ मिनिटांच्या वर आणि आंबूस वास. अर्क रोज ताजा करा. पूड महिनाभर टिकेल असं दिसतं.

२४ ऑक्टोबर: तापमान, भरभर मोजणी

आधी एक चूक. काल ७५° च्या वॉटर बाथमध्ये नळी ठेवून अर्क घातला आणि ‘७५°’ लिहिलं. ९ मि.लि. ७५° चं आणि १ मि.लि. २८° चं मिसळलं की मिश्रण ७०° वर येतं. कालची सगळी वाचनं त्यामुळे पाच अंशांपर्यंत चुकीची. अर्क आधी तापवून घेणं हा उपाय नव्हे. तापवतानाच तो बिघडायला लागतो, आणि तेच तर मोजायचं आहे. बाथ वर ठेवायचा: मिश्रण ७५° ला हवं तर बाथ ८०°. तापमान बाथचं लिहायचं नाही, अर्क पडल्यावर नळीतच तापमापक धरून दिसेल ते लिहायचं.

मिश्रणाचं तापमान आणि वेळ, नेहमीची नळी:

२८°: ४ मि. १० से.
४०°: २ मि. २० से.
५०°: १ मि. ३० से.
६०°: ५६ से.
७०°: ३६ से.
७५°: २८ से.

दर दहा अंशांना वेग साधारण दीडपटीहून थोडा जास्त वाढतो. कुठेही माथा नाही, उतार नाही! ७५° ला युरिएज सगळ्यात चपळ. माणसाच्या शरीराचं ३७° इथे काही विशेष नाही, आणि दाण्यातल्या विकराला ते विशेष असायचं कारणही नाही.

तीस सेकंदांच्या आतल्या वाचनात हाताचीच चूक तीन-चार सेकंदांची. ६०° च्या वर अमोनियाचं आणि रंगाचंही वागणं थोडं सरकतं, तेव्हा हे आकडे ढोबळ समजावेत. कल मात्र स्पष्ट आहे.

२७ ऑक्टोबर: तीच मोजणी, सावकाश

अर्क वीसपट पातळ केला. बाकी सगळं तेच. म्हणजे प्रत्येक नळीला वीसपट वेळ थांबायचं. बुचं घट्ट, नाहीतर अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही निसटतात. उकळलेल्या अर्काची ब्लँक नळी प्रत्येक तापमानाला शेजारी हवीच. ७०° ला तासाभरात तीही जराशी सरकली.

२८°: ८४ मिनिटं
६०°: १८ मि. ४० से.
६५°: १६ मि. ३० से.
७०°: १६ मि.
७५°: रंग चढत गेला, नारिंगीच्या अलीकडे थांबला. दीड तासानेही जुळला नाही.

तीन दिवसांपूर्वी जे तापमान पहिलं आलं होतं, ते आज नापास. विकर तेच, युरिया तोच, बदललं फक्त आपण किती वेळ पाहिलं ते. अर्ध्या मिनिटाची परीक्षा घेतली तर ७५° उत्तम. पाव तासाची घेतली तर ६५ ते ७०. रात्रभराची घेतली तर आकडा आणखी खाली येईल. पुस्तकात इष्टतम तापमानापुढे ‘किती मिनिटांत’ हे छापलेलं नसतं.

२८ ऑक्टोबर: बिघाड वेगळा काढून

वेग आणि बिघाड एकाच नळीत मिसळले होते. आज वेगळे केले. अर्क २ मि.लि. पातळ काचेच्या नळीत, ७५° च्या बाथमध्ये; ठरलेला वेळ झाला की लगेच बर्फात. मग नेहमीसारखी २८° ला मोजणी.

न तापवलेला: ४ मि. १० से.
२ मिनिटं: ५ मि. १५ से.
५ मिनिटं: ७ मि. ३० से.
१० मिनिटं: १३ मि. १० से.
२० मिनिटं: ४० मिनिटांच्या वर.

दर सहा मिनिटांना उरलेल्यातलं निम्मं जातंय. एका क्षणी सगळं ‘मेलं’ असं नाही. बर्फात ठेवून गेलेलं काम परत आलं का, तेही पाहिलं: २० मिनिटंवाली नळी रात्रभर ४° ला ठेवून सकाळी मोजली, फरक नाही. प्रथिनाची घडी उलगडली आणि शेजारच्या उलगडलेल्या प्रथिनांत गुंतली की परत बसत नाही, उकडलेलं अंडं निवल्यावर पातळ होत नाही तसंच.

तापमान दोन कामं एकदम करतं. युरिया फुटण्याचा वेग वाढवतं, आणि विकराची घडी मोडण्याचाही. दुसऱ्या कामाचा वेग तापमानाबरोबर फार झपाट्याने चढतो. आलेखात दिसणारा माथा म्हणजे या दोघांच्या शर्यतीत आपण शिट्टी कधी वाजवली याची खूण.

उलट बाजू: ५° ला अर्काची नळी तास-दीड तास ठेवून मग २८° ला आणली, पुढचा वेग पूर्ण. थंडीने विकर मंदावतं, मोडत नाही. फ्रीजमधल्या अन्नाचंही असंच.

*दुसऱ्या पाळीसाठी: दिवाळीच्या सुट्टीआधी बाथमधलं पाणी काढून ठेवा, गेल्या वेळी शेवाळं झालं होतं.*

१० नोव्हेंबर

सुट्टीनंतरची पहिली नळी: ६ मि. ०५ से. अर्क नवा, युरिया नवा. पूड खराब झाली अशी शंका आधी आली.

पूड ठीक आहे. सकाळी खोली २० अंशांवर होती. ऑक्टोबरच्या दुपारी २८ होतं म्हणून ‘खोलीचं तापमान’ एवढंच लिहून चाललं, आता नाही चालणार. बाथ २८° ला लावून तीच नळी: ४ मि. १२ से. यापुढे खोलीचं तापमान हा शब्द वहीत नको.

१२ नोव्हेंबर: बोरिक अ‍ॅसिड

हे या प्रकल्पातलं सगळ्यात देखणं वाचन.

बोरिक अ‍ॅसिड ३.१ ग्रॅम प्रतिलिटर, त्यातलं १ मि.लि. नळीत पाण्याच्या जागी. म्हणजे ५ मिलिमोलर. कॅरमच्या पावडरीतही बहुधा हेच असतं, पण डब्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही, तेव्हा बाटलीतलं घेतलं.

युरिया १०० मिलिमोलर: बोरिकशिवाय ४ मि. १० से., बोरिकसह ७ मि. १५ से.
युरिया १० मिलिमोलर: बोरिकशिवाय ५ मि. ३५ से., बोरिकसह ४४ मिनिटं.

बोरिक तेवढंच, पण युरिया कमी असताना त्याचा जाच कितीतरी पट जास्त. कारण दोघं एकाच जागेसाठी भांडतात. विकराच्या खोबणीत युरिया जिथे बसतो तिथेच बोरिक अ‍ॅसिड बसतं. पुढे फुटत मात्र नाही. युरियाची गर्दी वाढवली की बोरिकला जागा मिळत नाही. विकर कायमचं बिघडलेलं नाही याचा पुरावाही हाच. याला स्पर्धात्मक अवरोध म्हणतात, आणि तो ओळखायची रीत हीच: कच्चा माल वाढवून पाहा, वेग परत येतो का.

पूर्वी तुलनेची नळी बोरॅक्सच्या बफरने करावी असा विचार होता. बरं झालं केली नाही. एखादी पिपेट इकडची तिकडे गेली असती तर आठवडाभर कारण सापडलं नसतं.

१४ नोव्हेंबर: तांबं

मोरचूद २.५ ग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे १० मिलिमोलर. १ मि.लि. अर्कात १ मि.लि. हे द्रावण, पाच मिनिटं ठेवून मग बाकीचं. अंतिम १ मिलिमोलर.

४० मिनिटांत रंग नाही. युरिया दुप्पट केला, तरी नाही. बोरिकसारखं हे मागे हटत नाही.

एक फसवी बाजू तपासून घेतली. मोरचूदाचं द्रावण आम्लधर्मी असतं. रंग न चढण्याचं श्रेय त्यालाच असेल तर? उकळलेल्या अर्कासह पीएच पाहिला: ७.० ऐवजी ६.७. तेवढ्याने मिनिटभराचा फरक पडेल, चाळीसचा नाही. शिवाय ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारं रसायन) आधी घालून मग मोरचूद घातलं तर ४ मि. २५ से. ईडीटीएने तांबं धरून ठेवलं, विकर सुटलं.

कारण रचनेत आहे. युरिएजच्या खोबणीत निकेलचे दोन अणू असतात. निकेल असलेलं विकर म्हणून हेच पहिल्यांदा ओळखलं गेलं, १९७५ साली. युरियाचा ऑक्सिजन निकेलला टेकतो, दोन निकेलच्या मध्ये धरलेलं पाणी युरियाच्या कार्बनवर येतं आणि बंध सुटतो. खोबणीवर झाकणासारखी हलणारी एक घडी असते, तिच्यात गंधक असलेलं सिस्टीन हे अमिनो आम्ल. पारा, चांदी आणि तांबं त्या गंधकाला चिकटतात. मग झाकण नीट हलत नाही. सोयाबीनच्या रोपाला निकेल अजिबात मिळालं नाही तर पानांत युरिया साचून त्यांची टोकं जळतात, हे १९८३ मध्ये दाखवलं गेलं. रोपाला लागणारं निकेल इतकं थोडं, की ते लागतं हे लवकर लक्षात आलं नाही.

रात्रभर तांब्याच्या कलशात ठेवलेलं पाणीही वापरून पाहिलं, कोणीतरी विचारणारच: ४ मि. १० से., फरक नाही. पाण्यात उतरणारं तांबं थोडं आणि कच्च्या अर्कातली इतर प्रथिनंच ते धरून ठेवतात.

१८ नोव्हेंबर: सोया पेंड

हीच क्रिया सोयाबीनच्या धंद्यात रोज वापरली जाते. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन-अवरोधक (ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं प्रथिन) कोंबड्यांच्या पचनात आडवा येतो. तेल काढल्यावर पेंड, म्हणजे डीओसी, वाफेवर शेकून तो घालवतात. अवरोधक मोजणं किचकट. युरिएज जवळपास त्याच वेगाने बिघडतं आणि मोजायला सोपं, म्हणून युरिएजवरून अंदाज घेतात. युरिएज फार उरलं तर शेकणं कमी पडलं. अजिबात उरलं नाही तर जास्त झालं असण्याची शक्यता, आणि मग लायसिन या अमिनो आम्लाचं नुकसान.

पद्धत: बारीक पेंड ०.२ ग्रॅम. एका नळीत युरियासह फॉस्फेट बफर १० मि.लि. (पीएच ७.०, ०.०५ मोलर, युरिया ३० ग्रॅम प्रतिलिटर), दुसरीत युरियाशिवाय तोच बफर. ३०° ला नेमकी ३० मिनिटं, दर पाच मिनिटांनी हलवून. वरचं पाणी काढून पाच मिनिटांत पीएच. दुसरी नळी पहिलीनंतर पाच मिनिटांनी सुरू करावी, म्हणजे दोन्ही मोजायला समान वेळ मिळतो. दोन्हींतला फरक हे उत्तर, ०.०५ ते ०.२० ठीक समजतात.

कच्ची पूड: २.१
पेंड: ०.१२
कोरडे दाणे, ओव्हनमध्ये १००°, अर्धा तास: १.९
रात्रभर भिजवलेले दाणे, ५ मिनिटं उकळून: ०.४
भिजवलेले, १५ मिनिटं उकळून: ०.०३

तिसरी ओळ पुन्हा केली, तोच आकडा. १०० अंशांवर अर्धा तास राहूनही युरिएज जवळजवळ शाबूत. ७५° च्या अर्कात सहा मिनिटांत निम्मं गेलं होतं! फरक पाण्याचा. कोरड्या दाण्यात प्रथिनाच्या साखळ्या जखडलेल्या असतात, उलगडायला मोकळीक लागते ती पाणी देतं. कढईत कोरडे भाजलेले दाणे वरून तपकिरी झाले म्हणजे आतून निर्धोक झाले असं मानू नये. भिजवून उकडणं जास्त खात्रीचं. पाच मिनिटंवाल्या दाण्यांत राहिलेलं ०.४ बहुधा मध्यभागातलं. दाणा चिरून फक्त गाभा तपासायचा आहे.

२८ ऑक्टोबरच्या नोंदीत त्यामुळे भर: तापमान, वेळ, आणि पाणी.

२१ नोव्हेंबर

मुलांच्या पत्रकात काय जोडायचं यावर बोलणं झालं. दोन गोष्टी ठेवल्या.

पहिली, जठरातला हेलिकोबॅक्टर जिवाणू. तो युरिएजने अमोनिया करून आपल्याभोवतीचं आम्ल मारतो आणि तिथे तग धरतो. दुर्बिणीतून काढलेला जठराचा बारीक तुकडा युरिया आणि फिनॉल रेड असलेल्या जेलमध्ये ठेवतात. पिवळं गुलाबी झालं तर जिवाणू आहे. आपल्याच नळीची दवाखान्यातली बहीण. वॉरन आणि मार्शल यांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं.

दुसरी, गव्हाला दिलेला युरिया. मातीतल्या जिवाणूंचं युरिएज तो फोडतं. माळव्याची काळी माती अल्कधर्मी, त्यामुळे वरवर फेकलेल्या दाण्यांतला बराच नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत जातो. पाण्याबरोबर आत गेला तर माती धरते.

एक काम उरलं. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने काढलेल्या एनआरसी १२७ या वाणात कुनिट्झ ट्रिप्सिन-अवरोधक नाही. युरिएजचा जनुक वेगळा. अशा दाण्याची पेंड युरिएजवरून नापास ठरली तर तिचा अर्थ काय लावायचा, हे १८ तारखेच्या पद्धतीत बसत नाही. बियाणं मिळालं की तीच पाच वाचनं. तोवर पुडीची दुसरी बरणी उघडायची नाही.